वसाहत, गाव आणि मधला बगिचा

कोल्हापूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या महाराष्ट्र एक्स्प्रेसवर 'गोंदिया' हे नाव मी चाळीस वर्षं वाचत आले. पण त्या गाडीने पुण्यापलीकडे कधी गेले नव्हते. यंदा दिवाळी झाल्यावर पहिल्यांदाच शेवटच्या स्टेशनाचं तिकीट काढलं. कारण होतं पेमाचा फोन.

पेमा तिबेटी. दर हिवाळ्यात कोल्हापुरात फुटपाथवर स्वेटरांचं दुकान लावते. वीस वर्षांपूर्वी मी तिच्याकडून पहिला स्वेटर घेतला, मग चहा, मग घरी येणं-जाणं. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून मी गच्चीवर भाज्या लावते. तिथून ती दरवर्षी बियाणं न्यायची. तिचा जन्म गोंदिया जिल्ह्यातल्या तिबेटी वसाहतीतला. नवेगाव बांधच्या तळ्यापासून फार लांब नाही, जंगलाच्या कडेला पन्नासेक वर्षांपूर्वी वसवलेली निर्वासितांची वसाहत.

"ताई, यंदा मी कोल्हापूरला येत नाही," ती फोनवर म्हणाली. "तुम्हीच या की. बगिचा बघा." मग थोडं थांबून, वेगळ्याच आवाजात, "लवकर या."

त्या बगिच्याविषयी मी दोन वर्षं ऐकत होते. वसाहत आणि शेजारचं गाव यांच्या मध्ये वसाहतीची अर्धा एकर पडीक जमीन होती. पेमा आणि गावातली फुलवंता नावाची बाई, या दोघींनी तिथे भाजीपाला लावायचं ठरवलं. वसाहतीतल्या नऊ बायका आणि गावातल्या अकरा. पावसाळ्यात गावातल्या बायका रोवणीला (भाताच्या लावणीला) गेल्या की वसाहतीतल्यांनी राखायचं, आणि हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर विकायला देशभर पांगले की गावातल्यांनी. पन्नास वर्षं एकमेकांशेजारी राहून दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींचं स्वयंपाकघर पाहिलं नव्हतं. ते या बगिच्यामुळे पाहिलं, असं पेमा अभिमानाने सांगायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला उतरले तेव्हा आपण महाराष्ट्रात आहोत ना, अशी शंका आली. हमाल, चहावाला, लॉजचा मॅनेजर, सगळे हिंदीत. मी मराठीत विचारलं की उत्तर अर्धं मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायचं. सकाळी फलाटावर उभी होते तर डोक्यावरून एक चिमुकलं विमान घुर्रर्र करत गेलं, पाठोपाठ दुसरं. "बिरसी हवाईअड्डे का ट्रेनिंगवाला है," शेजारच्या बाई म्हणाल्या. "रोज का है."

बल्लारशाकडे जाणाऱ्या पॅसेंजरने अर्जुनीला आले. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात, कुठे पेंढ्या बांधलेल्या, आणि एका बांधीत (भाताच्या खाचरात) लाल डोक्याची सारसांची जोडी, माणसाएवढी उंच, शांतपणे काहीतरी टिपत होती. इथपर्यंत मी खुशीत होते. अर्जुनीहून काळीपिवळी जीप केली. वसाहतीच्या वळणाशी आल्यावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

"इथंच उतरा बाई. अंदर नाई जात मी."

"का हो? पेमाबाई तर म्हणाल्या, दारापर्यंत जीप येते."

"येत होती. गावातला बैल मेला न करंटनं. त्या बगिच्याच्या कुंपनाले तार लावली होती म्हनतात, डुकरासाठी. लोक तापून आहेत." त्याने माझी पिशवी खाली ठेवली. "फुलवंताचा बैल. ऐन चुरन्याच्या (मळणीच्या) टायमाले."

मी पिशवी उचलून चालू लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडमातीची, एकसारखी घरं, दोरीवर फडफडणाऱ्या रंगीत पताका, आणि दर दुसऱ्या दाराला कुलूप. वसाहत निम्मी रिकामी होती. एका ओट्यावर दोन म्हाताऱ्या प्रार्थनाचक्र फिरवत बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, हसल्या नाहीत.

पेमा दारातच उभी होती. कोल्हापुरात भेटली की ती मोठ्याने हसते. इथे तिने नुसता माझा हात धरला. घरात तिचे वडील होते, ऐंशीच्या पुढचे, कंबरेत वाकलेले, ऐकायला जवळजवळ येत नाही. त्यांना सगळे 'पोपो-ला' (आजोबा) म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांनी मला पोचा (लोणी आणि मीठ घातलेला चहा) दिला. चहा म्हणून मोठा घोट घेतला आणि माझा चेहरा असा काही झाला की त्या घरात तो दिवसातला पहिला आणि शेवटचा हशा पिकला.

मग पेमाने सांगितलं. आठ दिवसांपूर्वी सकाळी फुलवंताचा बैल बगिच्यामागच्या बोडीवर (छोट्या तलावावर) पाणी प्यायला निघाला आणि कुंपणापाशी मरून पडला. लोक धावले तेव्हा बैलाच्या पायात तारेचा तुकडा होता, बाकी तार कोणीतरी गुंडाळून नेलेली. कुंपण वसाहतीच्या जमिनीवर, म्हणून तार तिबेट्यांची, असा गावाने हिशोब केला. त्या दिवसापासून गावातल्या अकरापैकी एकही बाई बगिच्यात आली नव्हती. दोन दिवसांनी दुपारी गावात बैठक व्हायची होती. बगिचा बंद करा, कुंपण काढा, अशी मागणी येणार होती.

"आणि तुमच्या वसाहतीतले काय म्हणतात?"

"बंद करून टाक म्हणतात. आमचे मोठे लोक नेहमी हेच म्हणतात, ताई. आपण पाहुणे आहोत, भांडण नको." तिने मान खाली घातली. "मी इथंच जन्मले. पन्नासाव्या वर्षी कुणाची पाहुणी?"

मी विचारू नये ते विचारलं. "पेमा, खरंच तुमच्यापैकी कुणी नाही ना लावली?"

तिने उठून चुलीवरचं भांडं उतरवलं, माझ्यासमोर वाफाळता तिंगमो (वाफवलेला पाव) आणि पालेभाजी ठेवली आणि मी जेवत असताना पाठ करून उभी राहिली. वीस वर्षांची मैत्री आणि मी पहिल्या दोन तासांत गावासारखीच वागले होते. ते जेवण मला अजून गिळवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगिचा पाहिला. सुंदर होता आणि पाहवत नव्हता. अर्धे वाफे हिरवेगार, मुळा, कोबी, मेथी. उरलेले अर्धे, गावातल्या बायकांचे, माना टाकलेले. पेमा आणि पोपो-ला दोघंच पाणी घालत होती, पण वीस जणींचं काम दोघांना किती पुरणार? पोपो-ला झारी घेऊन कुंपणाच्या मागच्या फटीतून बोडीवर जात, वाकून पाणी भरत, परत येत. एका फेरीला दहा मिनिटं.

"फुलवंताचे वाफे कुठले?" मी विचारलं.

पेमाने कोपऱ्यातली फुलकोबी दाखवली. ती मात्र सुकली नव्हती. माती ओली होती.

"तू घालतेस पाणी?"

"नाही," पेमा बुचकळ्यात पडून म्हणाली. "मला वाटलं, पा-ला (बाबा) घालतात."

दुपारी मी हट्टाने गावात गेले. पेमा नको म्हणत होती, पण आलीच. गल्लीत शिरलो तशी बोलणी थांबली. फुलवंता अंगणात धान पाखडत होती. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण. पेमाला पाहून तिचा हात थांबला.

"कायले आली?"

"बोलाले आली," पेमा म्हणाली. मी तिची ती बोली पहिल्यांदा ऐकली. कोल्हापुरात ती वेगळं बोलते. "तुया बैलाचं आमाले बी दुख आहे. पन तार आमी नाई लावली, फुलवंता. तुले त मालूम आहे मी कशी आहो."

फुलवंताने सूप खाली ठेवलं. तिची नजर पेमाकडे नव्हती, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथे एक माणूस दारात बसून विळ्याला धार लावत होता. तो तिचा धाकटा दीर, घर एकाच अंगणात, चूल वेगळी. तो मान वर न करता म्हणाला, "वहिनी, काम कर. उद्याच्या बैठकीत काय बोलाचं ते बोलू."

"जा तुमी," फुलवंता म्हणाली. "जा म्हनलं न!"

तिचा नवरा, दसरथ, गोठ्याच्या दारात उभा होता. एका खुंट्याला बैल, दुसरा खुंटा मोकळा. त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. परत येताना पेमा माझ्यापुढे झपझप चालत राहिली. कालच्या प्रश्नानंतर माझ्या धीराच्या शब्दांना काय किंमत होती?

बैठकीच्या दिवशी सकाळी उठले तेव्हा धुकं होतं. पोपो-ला झारी घेऊन नेहमीप्रमाणे पुढे गेले. पेमा आणि मी चहा संपवून मागून निघालो. बगिच्यात शिरलो तेव्हा ते मागच्या फटीकडे चालले होते, आमच्यापासून तीसेक पावलांवर. झारीत घरचं सांडपाणी होतं, ते आधी वाफ्यात ओतायचं विसरले असावेत. ते त्यांच्या पायांवर हिंदकळत होतं.

पलीकडच्या बांधावर फुलवंता उभी होती. हातात डबा. मला क्षणात कळलं, फुलकोबीला पाणी कोण घालत होतं ते.

ती ओरडली, "बाबाजी! थांबा! तार आहे!"

तेव्हा मला ती दिसली. फटीच्या बाहेर, गुडघ्याच्या उंचीवर, धुक्यात पुसट चमकणारी बारीक तार. पोपो-लांना ऐकू येत नव्हतं. त्यांची नजर पायांपुढच्या जमिनीवर होती. पेमा किंचाळली आणि धावली. मीही धावले, दुसऱ्या वाफ्यात पाय घसरून तोंडावर आपटले. तोंडात माती, आणि त्याच वेळी दूर कुठेतरी एक मोटर गुणगुणायला लागली. मग दुसरी. मग जवळची तिसरी. शेतीपंपांची वीज आली होती, म्हणजे तारेतही.

तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. किती साधा आवाज. कोणाच्या तरी भाजीला पाणी सुरू झाल्याचा.

फुलवंता तारेच्या त्या बाजूला होती, तिला त्यांच्यापर्यंत येता येत नव्हतं. तिने डबा टाकला, वाकली, बांधावरचं एक ढेकूळ उचललं आणि अंगातला सगळा जोर लावून म्हाताऱ्याच्या छातीवर हाणलं. पोपो-ला हबकले. एक पाऊल मागे सरले आणि मटकन खाली बसले. झारी कलंडली. पाण्याची धार मातीतून तारेकडे वाहत निघाली. पेमाने पोहोचून वडिलांना काखेत धरून मागे ओढलं, ओढतच राहिली, कोबीच्या वाफ्यातून, कोबी चिरडत. कुंपणावरच्या दोडक्याचा एक ओला वेल तारेला टेकला होता, तिथून चर्र आवाज येऊन धूर निघाला.

मी मान वळवून फुलवंताकडे पाहिलं. ती पळत होती. पण तार कुठे जाते ते शोधत नव्हती. तारेकडे न पाहता, बांधावरून सरळ, दोन बांध्या ओलांडून एका मोटरीच्या खोलीकडे पळत होती. आत शिरली. जवळचा गुणगुणाट बंद पडला.

पेमानेही ते पाहिलं. वडिलांना मांडीवर घेऊन ती बसली होती. तिचा चेहरा मला आठवतो. सुटकेचा नव्हता तो.

फुलवंता परत आली. बांबूने तार बाजूला केली आणि फटीतून आत आली. पोपो-ला छाती चोळत आमच्याकडे आळीपाळीने पाहत होते.

"तुले मालूम होतं," पेमा म्हणाली.

"होतं."

"पयल्या दिवसापासून?"

"बैल मेला त्या सकाळी त्याले तार गुंडाळताना पाह्यलं मी." ती उभीच होती. "माया दिराले. बगिच्याच्या कुंपनाले लावली म्हंजे त्याच्यावर नाव येत नाई न. डुकरं इकडूनच त्याच्या धानात शिरतात. मी म्हटलं, बैल गेला त गेला, त्याले जेलात कसं धाडू? सासू आहे, लेकरं आहेत. मले वाटलं, आता तरी नाई लावनार."

"अना (आणि) आमी? आमी चोर ठरलो. आठ दिवस."

फुलवंता जवळ आली. खाली बसली, पोपो-लांच्या सदऱ्याची बटणं सोडून छाती पाहिली. मुठीएवढा लाल डाग होता. तिने त्यावर हात ठेवला आणि मग रडायला लागली. तोंडावर पदर न घेता, मोठ्याने. पेमा तिच्याजवळ सरकली नाही. लांबही सरली नाही.

दुपारी बैठक झाली. सकाळचं आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, गावातल्याच माणसाने सांगितल्याशिवाय कोणी ऐकणार नाही असं पेमा म्हणाली होती. गावाच्या समाजमंदिरापुढे दीडएकशे माणसं, पुढे गावातले पुरुष, कडेला वसाहतीतले सात-आठ म्हातारे. दीर पुढच्या रांगेत. सकाळी मोटर कोणी बंद केली ते त्याला कळलेलं असणार, पण वहिनी बोलणार नाही याची त्याला खात्री होती. तोच पहिला उठला. बाहेरून आलेल्या लोकांना जमीन मिळाली, आता ते गावाची जनावरं मारतात, असं काहीतरी तो म्हणाला. माना हलल्या. वसाहतीतले एक वृद्ध उठून हात जोडत हिंदीत म्हणाले, "झगडा नहीं चाहिए. हम बंद कर देंगे."

"कायले बंद करता?" मागून आवाज आला. फुलवंता बायकांतून पुढे आली. पदर कमरेला खोचलेला. "तार यानं लावली. माया बैल यानं मारला. आज सकाडी पेमाच्या बापाले मारत होता. मोटरीच्या खोलीत बंडल पडून आहे तारेचा, जाऊन पाहा. अना मी आठ दिवस चूप होती. मायं बी चुकलं."

मग दीर तिच्या अंगावर धावून गेला. मध्ये कोण आलं? दसरथ. तिचा नवरा. त्याने भावाचा हात धरला, मारला नाही, नुसता धरून ठेवला. मग त्याने बायकोकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आभार नव्हते, राग होता. सासूने छाती बडवायला सुरुवात केली. "घर फोडलं न! परक्याईसाठी घर फोडलं!"

संध्याकाळच्या आत पोलिसांची गाडी आली. पंचनामा झाला, तार जप्त झाली. दिराला नेलं.

यानंतर सगळं गोड झालं असं लिहायचा मोह होतो, पण तसं झालं नाही. मी आणखी दोन दिवस होते. फुलवंताच्या अंगणात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, दसरथसुद्धा नाही. गावातल्या अकरापैकी बगिच्यात परत आल्या त्या पाच. बाकीच्या आल्या नाहीत. त्यांच्यातल्या एकीने मला रस्त्यात ऐकवलं, "घरची गोष्ट घरात ठेवाची असते, बाई." पेमा फुलवंताशी बोलायची ते कामापुरतं. खुरपं दे. पानी झालं का. एकदा मात्र मी पाहिलं, फुलवंताने घरून आणलेली झिंग्याची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) भाजी पेमाने न विचारता आपल्या ताटात वाढून घेतली.

आनंदात होते ते फक्त पोपो-ला. येणाऱ्याजाणाऱ्याला सदरा उघडून छातीवरचा डाग दाखवायचे आणि मोडक्या हिंदीत सांगायचे, "इस औरत का निशाना देखो!" मग एकदा मला जवळ बसवून ते म्हणाले, आणि पेमाने मराठीत सांगितलं, की ते इथे आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात माणसं माश्यांसारखी मरत होती. थंड मुलखातली माणसं. तेव्हा गावातल्या एका गोंड बाईने त्यांना अंबाडीच्या पानांचं आंबट पाणी करून पाजलं. तिचं नाव त्यांना कधीच कळलं नाही. भाषाच येत नव्हती.

निघायच्या सकाळी मी पेमाची माफी मागितली, पहिल्या दिवशीच्या प्रश्नाबद्दल. ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत तरी. बाकीच्यांनी विचारलंसुद्धा नाही." हे क्षमा करणं होतं की नव्हतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

फुलवंताला भेटायला बगिच्यात गेले. ती सुकलेले वाफे खणत होती, ज्या सहा जणी आल्या नाहीत त्यांचे. मी विचारलं, "घरच्यांचं कसं होणार आता?"

"बोलतील. नाई बोलले त नाई." ती खणतच राहिली.

"तुम्हाला पस्तावा नाही होत?"

तिने कुदळ थांबवली. "होते न. रोज होते. सासूचं रडनं ऐकतो मी. पन बाई, त्या सकाडी ढेकूड नसतं मारलं, अना मग मी जगली असती, ते कसं?" उत्तर मी द्यावं अशा नजरेने ती माझ्याकडे पाहत राहिली.

परतीच्या गाडीत मी बराच वेळ खिडकीशी बसून होते. घरून निघताना माझ्या मनात एक सोपं चित्र होतं. माणसं एकत्र माती खणतात आणि एक होतात. तसं मी एका भाषणात म्हटलंही होतं, कुठल्याशा बचत गटापुढे. प्रत्यक्षात काय पाहिलं? दोन वर्षं शेजारच्या वाफ्यांत वाकून काम केलेल्या बायका एका बैलामुळे एका दिवसात परक्या झाल्या. मी स्वतः दोन तासांत झाले. बगिच्याने ते थांबवलं नाही. त्याने एवढंच केलं की ज्या बाईला तोंड दाखवायची लाज वाटत होती तिला आपल्या फुलकोबीसाठी लपत का होईना तिथे यावं लागलं, आणि म्हणून ती त्या सकाळी बांधावर होती. एवढंच. पण ते कमी आहे असं मला म्हणवत नाही.

गेल्या आठवड्यात पेमाचा फोन आला. दीर जामिनावर सुटून आलाय, रस्त्यात भेटला तर थुंकतो. बगिच्यात आता गावातल्या सात जणी येतात. आणि एका दुपारी दसरथ खांद्यावर बांबू घेऊन आला, कोणाशी बोलला नाही, दिवसभर मागच्या बाजूचं कुंपण नव्याने बांधलं आणि तसाच निघून गेला.

"बायकोशी बोलला?" मी विचारलं.

"नाही. पण तिने नेलेलं पाणी प्यायला."

मग मागून फुलवंताचा आवाज आला, फोन हिसकावून घेतल्यासारखा, मोठ्याने, तिकडे सगळे बोलतात तसा. "बाई, पुढच्या साली या. भांडन मिटलं नसन तरी या."

मी तिकीट काढलं आहे.